कोयत्याचे पाणी

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तोवर बीड जिल्ह्यातील शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूर, केज या भागांतली कित्येक गावे अर्धीअधिक रिकामी झालेली असतील. खंडेनवमीला घरातल्या कोयत्याला हळद-कुंकू वाहायचे, दसरा करायचा, जमली तर दिवाळी करायची आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून कारखान्याची वाट धरायची, हा क्रम आता तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या अंगवळणी पडला आहे. मुकादम गावात आला की विचारतो, यंदा किती कोयते? चार असे उत्तर आले तर त्याचा अर्थ आठ माणसे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटी बाई असेल तर ती अर्धा कोयता. उचल कोयत्यावर ठरते, टोळीचे मोजमाप कोयत्यांत होते, आणि दरवाढीसाठी संप पुकारला तर त्याचे नावही ‘कोयता बंद’.

या माणसांच्या कोयत्याविषयी गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ लिहिले गेले. ते लिहायला हवेच होते. पण ज्या लोखंडी वस्तूचे नाव माणसांना चिकटले, तिच्याविषयी माझ्या वाचनात फारसे काही आले नाही. शहरात तर कोयता म्हटले की आता टोळक्यांच्या बातम्याच आठवतात. मध्यंतरी पुण्यात कोयता विकत घेणाऱ्याचे आधार कार्ड बघण्यापर्यंत गोष्ट गेली. तो कसल्या लोखंडाचा असतो, कोण घडवतो, त्याला ‘पाणी’ कसे देतात, आणि हे ज्ञान आले कुठून, एवढे प्रश्न घेऊन हा लेख लिहीत आहे.

सुरुवात ‘पाणी’ या शब्दापासूनच करू. मराठवाड्यात कोयता, कुऱ्हाड, विळा यांना लोहार पाणी देतो किंवा पाजतो. धार लावणे वेगळे आणि पाणी पाजणे वेगळे. धार कुणालाही लावता येते, कानस आणि थोडा धीर पुरतो. पाणी मात्र भट्टीवरच बसते, आणि ते बसले की नाही हे दुकानात उभे राहून डोळ्यांनी कळत नाही. ऊसतोडीला जाणारा माणूस म्हणूनच नव्या कोयत्याचे पाते नखाने टिचकी मारून ऐकतो, आणि खरे तर कोयत्यापेक्षा लोहाराची पारख करतो. गेल्या साली याच्या हातचे कोयते टिकले होते काय, हा त्याचा खरा प्रश्न असतो.

कोयत्याला पाणी कसे द्यावे हे ऊस कसा तोडतात यावर अवलंबून आहे. उसाच्या बुडख्याकडच्या कांड्यांत साखर सर्वांत जास्त असते, म्हणून कारखान्याला ऊस जमिनीलगत तोडलेला हवा असतो. वर दोन बोटे सोडली तर शेतकऱ्याचा तोटा आणि कारखान्याचा उतारा कमी. त्यामुळे तोडणाऱ्याला कंबरेतून वाकून घाव घालावा लागतो आणि घावागणिक पात्याची गाठ मातीशी, खड्याशी, कधी दगडाशी पडते. पाते फार कठीण असेल तर धारेचा कपचा उडतो. फार मऊ असेल तर धार मुडपते, दर थोड्या वेळाने कानस मारावी लागते आणि एका घावाचे दोन घाव होतात. एक जोडी दिवसाकाठी दीड-दोन टन ऊस तोडते असे धरले, तर दुसऱ्या घावाची किंमत संध्याकाळपर्यंत मनगटात आणि मजुरीत किती उतरते याचा हिशेब ज्याने त्याने करावा. शिवाय कोयता रानात कानशीने घासता आला पाहिजे. म्हणजे तो कानशीपेक्षा बऱ्यापैकी मऊही हवा. इतक्या अटी एका वस्तूवर, आणि त्या पुऱ्या होणार त्या पाण्याच्या बादलीजवळच्या थोड्या क्षणांत.

ते क्षण कसे असतात? पाते भट्टीतल्या कोळशावर तापते. आधीच्या घडाईसाठी ते चांगले नारिंगी-पिवळे होऊ देतात, पाणी देताना मात्र तितके तापवायचे नसते. गडद लाल सरून लाली उजळू लागते तिथे थांबायचे. हा रंग भर उन्हात ओळखता येत नाही, म्हणून भट्टी झाडाच्या सावलीत किंवा पालाखाली असते. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंडाचे चुंबकत्व जाते; हौशी चाकूकार आज जगभर भट्टीशेजारी चुंबक ठेवतात ते एवढ्याचसाठी. चुंबक चिकटेनासा झाला की पाते तयार होत आले. आपल्याकडचा लोहार तेच काम डोळ्यांवर भागवतो.

आत जे घडते ते थोडक्यात असे. पोलाद म्हणजे लोखंड आणि किंचित कार्बन. एवढ्या उष्णतेला लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि नव्या मांडणीत कार्बन विरघळून जातो. पाते सावकाश थंड झाले तर अणू जुन्या जागी परततात आणि कार्बन बाजूला होतो. पोलाद मऊच राहते. एकदम पाण्यात बुडवले तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो, सगळी मांडणी ताणली जाते, आणि पोलाद अतिशय कठीण होते. पण काचेसारखे ठिसूळही. असा कोयता पहिल्या दगडावर तुटेल. म्हणून त्याला पुन्हा थोडी ऊब द्यावी लागते, म्हणजे ताण सैल होतो आणि कठीणपणाचा थोडा भाग देऊन चिवटपणा घेता येतो.

इथे खेड्यातल्या लोहाराची युक्ती पाहण्यासारखी आहे. तो अख्खे पाते बुडवत नाही. धारेची कड तेवढी पाण्यात धरतो, वरची पाठ तांबडीच असते. मग बाहेर काढून धारेवरचा काळा पापुद्रा दगडावर झटकन घासून काढतो आणि बघत बसतो. पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते आणि घासलेल्या पांढऱ्या लोखंडावर रंग चढू लागतात. आधी फिकट गवती, मग सोनेरी, मग तपकिरी, मग वांग्याचा जांभळा, शेवटी मोरपंखी निळा. गवती रंग साधारण २२० अंशांना येतो, निळा ३०० च्या आसपास. वस्तऱ्याला गवती रंगावर थांबायचे. दगडाशी गाठ पडणाऱ्या हत्याराला जांभळ्यापर्यंत, निळ्याच्या अगदी उंबऱ्यापर्यंत जाऊ द्यायचे. रंग जागेवर आला की पुन्हा पाणी, आणि रंग तिथेच गोठतो. कारखान्यातले धातुतज्ज्ञ दोन भट्ट्या आणि तापमापक लावून जे दोन टप्प्यांत करतात, ते इथे एकाच तापात उरकते. पाठ मऊ राहते, धार कठीण होते, आणि कोळसाही वाचतो.

हे ज्ञान किती जुने? ‘पाजणे’ हा शब्दच त्याचा पहिला साक्षीदार आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रांवरचा जो आठवा अध्याय आहे, त्यात शल्यचिकित्सेच्या हत्यारांना तीन प्रकारची ‘पायना’ सांगितली आहे: क्षाराची, पाण्याची आणि तेलाची. पायना म्हणजे पाजणेच. क्षार पाजलेले शस्त्र बाण, शल्य आणि हाड छेदण्यासाठी, पाणी पाजलेले मांस कापण्यासाठी, तेल पाजलेले शिरेचा वेध आणि स्नायू कापण्यासाठी. आधुनिक धातुशास्त्र या तिन्हींचा क्रम असाच लावते. क्षाराचे किंवा मिठाचे पाणी सर्वांत झपाट्याने थंड करते, कारण तापलेल्या लोखंडाभोवती वाफेचे जे पांघरूण तयार होते ते त्यात टिकत नाही. साधे पाणी त्यापेक्षा सावकाश, तेल त्याहून सावकाश. म्हणजे हाडासाठी सर्वांत कठीण धार आणि शिरेसाठी न तुटणारी चिवट. मला हा क्रम योगायोगाचा वाटत नाही. त्याच अध्यायात धार लावायला उडदाच्या रंगाचा गुळगुळीत दगड आणि धार राखायला सावरीच्या लाकडाची फळी सांगितली आहे. लिहिणाऱ्याने लोहाराशेजारी बसून पाहिल्याशिवाय असले तपशील येत नाहीत.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तलवारीच्या लक्षणांचा अध्याय आहे. तिथले पाणी जास्त नाट्यमय आहे. घोडी, उंटीण आणि हत्तीण यांचे दूध, रुईचा चीक, मेंढ्याच्या शिंगाची राख, पारव्याची आणि उंदराची विष्ठा. आज हसू येते. पण दूध आणि तेल पाण्यापेक्षा सावकाश थंड करतात, आणि शिंग, विष्ठा यांसारखे पदार्थ तापल्यावर पृष्ठभागात कार्बन आणि नायट्रोजन सोडू शकतात, हे लक्षात घेतले तर त्या यादीत सगळाच भाबडेपणा नाही. फारसीतही पोलादाला ‘आब’ म्हणजे पाणीच देतात. आपण ‘आब राखून’ वागतो त्या शब्दातला आब तोच. तलवारीचे पाणी, मोत्याचे पाणी आणि माणसाचे पाणी ही एकमेकांत मिसळून गेलेली नावे आहेत. कुठले आधी हे ठरवण्याचा अट्टाहास मी करणार नाही.

ग्रंथांत राजाची तलवार आली, वैद्याचे शस्त्र आले. विळ्याला आणि फाळाला पाणी कसे पाजावे हे कुणी लिहून ठेवले नाही. लिहिणाऱ्याला त्याची गरज नव्हती आणि करणाऱ्याला लिहिता येत नव्हते.

आता पोलादाकडे. बीडची जमीन बालाघाटच्या काळ्या खडकाची. ज्वालामुखीच्या या बेसॉल्टात लोखंडाच्या मोठ्या खाणी नाहीत. लोखंड गाळण्याचे प्राचीन पुरावे विदर्भात मिळतात. नागपूरजवळ नायकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी केलेल्या उत्खननात महापाषाणयुगीन लोकांची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. पूर्वेला, गोदावरीच्याच खोऱ्यात खाली उतरत गेले की निर्मळ आणि कोनासमुद्रम लागते. आज तो तेलंगणाचा भाग; १९४८ पर्यंत बीड आणि कोनासमुद्रम एकाच निजामी राज्यात होते. तिथे मातीच्या बंद मुशीत पोलाद वितळवत, ज्याला इंग्रजांनी ‘वुट्झ’ म्हटले. लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातला डॉक्टर आणि भूशास्त्रज्ञ हेन्री व्हॉयसी याने हे काम पाहून लिहिले, आणि त्याच्या मृत्यूनंतर १८३२ मध्ये ते बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. इराणी व्यापारी तिथे येऊन राहत आणि पोलाद स्वतःच्या देखरेखीखाली पारखून नेत, असे त्यात आहे. दमिश्काच्या नावाने गाजलेल्या तलवारींमागे हे दख्खनी पोलाद होते.

मुंबईचाही यात हात आहे. डॉ. हेलेनस स्कॉट याने इथून वुट्झचे नमुने लंडनला जोसेफ बँक्सकडे पाठवले, आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सनने त्यांवरचा निबंध रॉयल सोसायटीपुढे मांडला. पुढे मायकेल फॅरेडे या पोलादामागे लागला. फॅरेडे स्वतः लोहाराचा मुलगा. त्याला वुट्झचे रहस्य अॅल्युमिनियममध्ये दडले असावे असे वाटले. ते चुकीचे निघाले, मुख्य गोष्ट कार्बनची होती. पण त्या चुकीच्या वाटेने मिश्रधातूंच्या पोलादाचे शास्त्र पुढे गेले. इंग्लंडमध्ये भट्टीपासून प्रयोगशाळेपर्यंत एका पिढीत वाट निघाली. कोनासमुद्रमच्या भट्ट्या त्याच शतकात विझत गेल्या: कोळशासाठीचे जंगल हातचे गेले आणि स्वस्त विलायती लोखंड बाजारात आले.

बीडच्या लोहाराला याचा धक्का निराळ्या तऱ्हेने बसला असणार. त्याचे लोखंड पूर्वीही बाहेरून येई, नंतरही बाहेरूनच आले. गावगाड्यात तो बारा बलुतेदारांपैकी एक. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गाव-गाडा’त ही सगळी व्यवस्था तिच्या अन्यायांसकट पाहायला मिळते. फाळ शेवटून द्यायचा, कुळवाची फास पाजायची आणि सुगीत धान्य घ्यायचे. पण ऊस तोडायचा कोयता या व्यवस्थेत कुठेच बसत नव्हता, कारण तो आपल्या गावच्या शेतीसाठी नव्हताच. १९५० साली प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यामागून पश्चिम महाराष्ट्रभर कारखाने झाले, आणि १९७२ च्या दुष्काळाने बालाघाटातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांना त्यांच्या फडात नेऊन सोडले. शेकडो मैलांवरच्या दुसऱ्याच्या पिकासाठी लागणारे हे हत्यार. ते बलुत्यात कोण पाजणार? ते रोखीने घ्यायचे. माझा तर्क असा की गावच्या लोहाराइतकाच, किंबहुना जास्त, फिरत्या घिसाड्याच्या भट्टीला या कोयत्याने आधार दिला.

याच काळात रस्त्यांवर ट्रक वाढले आणि लोहाराला नवी खाण सापडली. ट्रकच्या चाकांवरच्या कमानीचे पाटे, तुटले की भंगारात किलोवर मिळणारे. हे पोलाद वाकून पुन्हा सरळ होण्यासाठीच बनवलेले. त्यात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो. बऱ्याच पाट्यांत दीड-दोन टक्के सिलिकॉन असते, त्याने चिवटपणा वाढतो. लोहाराला ही नावे ठाऊक नसतील, पण बाजारात ‘पाट्याचा कोयता’ म्हणून त्याची किंमत जास्त येते आणि गिऱ्हाईक ती देते. पातळ पत्र्याच्या कोयत्याला कितीही पाणी पाजा, साध्या लोखंडात कार्बनच नसतो, तर ते धरणार कशाला? पाट्याचा मात्र एक खोडसाळपणा आहे. गार पाण्यात एकदम सगळा बुडवला तर त्याला केसासारखी बारीक चीर जाते. मोटारीच्या कारखान्यात त्याला तेलातच विझवतात. म्हणूनही कड तेवढीच बुडवण्याची रीत इथे टिकली. काही जण बादलीत आधी लाल केलेले लोखंड बुडवून पाणी कोमट करून घेतात. हिवाळ्याच्या पहाटे पहिलाच कोयता का तडकतो याचे उत्तर त्यात आहे.

घिसाडी मूळचे राजपुतान्यातले असे सांगतात. त्यांची घरातली बोली आजही राजस्थानी-गुजराती वळणाची आहे. पाल, गाडी, ऐरण, भाता, सांडशी. चामड्याच्या भात्याच्या जागी हाताने फिरवायचा पंखा आला, बाकी मांडणी फारशी बदलली नाही. केज किंवा धारूरच्या बाजाराबाहेर रस्त्याकडेला ही भट्टी पाहिली तर पहिल्यांदा नजरेत भरते ती घण मारणारी बाई. नवरा बसून सांडशीने पाते धरतो, हातोडीने जागा दाखवतो, आणि ती उभी राहून डोक्यावरून घण आणते. ठोका तिचा, जागा त्याची. दोघांत शब्द नसतो, हातोडीचा ऐरणीवरचा टणत्कार बदलला की ती थांबते. पाणी पाजताना तो पाते धरतो, पण भट्टीचा ताव राखणारा पंखा बहुधा तिच्या किंवा मुलीच्या हातात असतो. लाली किती उजळली हे दोघेही बघत असतात. या कलेचे ज्ञान पुरुषाकडे आणि ताकद बाईकडे अशी वाटणी पुस्तकांतून करतात, ती मला भट्टीवर दिसलेली नाही.

आणि इथेच हा लेख सुरुवातीच्या हिशेबाशी येऊन भिडतो. एक कोयता घडवायला एक जोडपे लागते, तो चालवायला एक जोडपे लागते. घडवणाऱ्या जोडीला गाव ‘घिसाडी’ म्हणते, पुल्लिंगी एकवचन. चालवणाऱ्या जोडीला मुकादमाची वही ‘कोयता’ म्हणते, तेही पुल्लिंगी एकवचन. उचल नवऱ्याच्या नावावर, अंगठा किंवा सही त्याची. तो तोडतो, ती साळते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, आणि पुष्कळदा तीही तोडते. दोघांतले एक बसले तर कोयता बसला, खाडा पडला, पैसे कापले. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करणाऱ्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आले. त्याची कारणे अनेक आहेत आणि ती या लेखाच्या आवाक्याबाहेरची आहेत. पण ज्या मोजमापात बाई स्वतंत्र आकडा म्हणून येतच नाही, त्यात तिच्या दुखण्याच्या दिवसाला नाव कुठून मिळणार?

२०२४ च्या जानेवारीत ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. ती वाढही कोयत्यालाच मिळाली.

अलीकडे तोडणी यंत्रे येत आहेत, शासन त्यांना अनुदान देते. या यंत्राच्या बुडातली पाती मी हातात घेऊन पाहिली. सरळ पट्ट्या, भोके पाडलेली, बोल्टने बसवायची. कारखान्यात मोजून तापवलेली, मोजून विझवलेली, एकसारखी. बोथट झाली की काढून फेकायची आणि नवी लावायची. त्यांना पाणी पुन्हा पाजता येत नाही असे नाही. पण त्या श्रमाची किंमत नव्या पट्टीपेक्षा जास्त पडते. लहान, वेडीवाकडी आणि पडलेल्या उसाची राने जोवर आहेत तोवर हाताचा कोयता राहील असे जाणकार म्हणतात. अशी राने पुष्कळ आहेत.

चैत्राच्या सुमारास पट्टा पडतो, टोळ्या परततात. सहा महिने कानस खाऊन कोयत्याचे पाते तोवर बरेच अरुंद झालेले असते. कठीण केलेली कड कानशीने संपली की मागचा मऊ भाग लागतो, आणि तो धार धरत नाही. तेव्हा तो पुन्हा भट्टीवर येतो. पाते तापवून, ठोकून कड नव्याने काढतात, पुन्हा पाणी पाजतात. एखाद्या कोयत्यात तेवढेही लोखंड उरलेले नसते. त्याचे मग खुरपे करतात, आणि ते घरच्या रानात, पाऊस पडलाच तर बाजरीतले तण काढायला, बाईच्या हातात जाते.